सुभेदाराचं आजारपण आणि दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचा कानस एकदाच फिरवायचे आणि खाली ठेवायचे. दर वेळी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा केसभर घासायचा, तारा परत बसवून छेडायच्या, ऐकायचं, मग पुन्हा केसभर घासायचं. ह्याला जवारी काढणं म्हणतात. मिरजेच्या त्या गल्लीत हे काम करणारे आणखीही होते, पण ते कानस हातात धरूनच तार छेडत. चाचा मात्र कानस शेजारच्या फडक्यावर ठेवणार, रिकामा हात मांडीला पुसणार, तार छेडणार आणि आवाज पार विरेपर्यंत डोळे मिटून बसणार. मी एकदा न राहवून म्हटलं, "चाचा, दर वेळी खाली कशाला ठेवता? किती वेळ जातो त्यात!"

ते म्हणाले, "ताई, कानस हातात असली की हात चालतोयच. मग कान काय सांगतोय ते हाताला ऐकाय येत न्हाई."

वेळ जातो, ही माझी कायमची तक्रार. मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी सातला रांग लागलेली असते. दंड बांधा, मूठ आवळा, टोचलं, झालं, पुढचा. घरीही मी तशीच. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ताटं मांडून मोकळी. माझ्यासारखीला तंबोऱ्याच्या दुकानात जायचं काही कारण नव्हतं. गाणं मला कळत नाही. मी तिथे गेले ती एका माशामुळे, आणि खरं सांगायचं तर आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव साताऱ्याच्या बाजूला. तिथे घरटी एक माणूस फौजेत असतो, आमच्या घरातून आबा होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन ऊस बघू लागले. आई गेली तेव्हा मी त्यांना मिरजेला घेऊन आले. आईला साखरेचा आजार होता. पायाला जखम झाली. आबांनी ती घरीच, फौजेत शिकल्याप्रमाणे, दिवसातून दोनदा गरम पाण्यानं धुतली, हळद भरली, स्वच्छ पट्टी बांधली. एकही दिवस चुकवला नाही. पण साखरेच्या जखमेचं तसं नसतं. आईला मिरजेला दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी ते सांगितलं, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार माणसांसमोर, मी आबांना म्हणाले, "हे असं होईपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

त्यानंतर आबा कशालाच फारसं उत्तर देईनासे झाले. जेवायला या म्हटलं की येत, झोपा म्हटलं की झोपत. मी बोलून गेले होते आणि ते परत घेता येत नव्हतं. आमच्या घरात ते वाक्य पाहुण्यासारखं मुक्कामाला येऊन बसलं होतं.

अशात माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि जाताना त्याचा फायटर मासा आमच्याकडे ठेवून गेला. बोटाएवढा, निळाजांभळा, अंगापेक्षा लांब झुपकेदार पर. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडून काढतात, म्हणून बिचारा एकटाच राहतो. आबांनी त्याला दोन दिवस लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल बघ त्याची. सुभेदार हाय ह्यो." आणि थोडं थांबून, "माझ्यापेक्षा वरचा." कित्येक महिन्यांत आबांनी केलेली ती पहिली गंमत. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

सुभेदारासाठी आबा पुन्हा सकाळी सहाला उठू लागले. मासा स्टीलच्या तांब्यात काढायचा, काचेचं भांडं भांडी घासायच्या पावडरीनं लख्ख करायचं, खडे धुवायचे, नळाचं ताजं गार पाणी काठोकाठ भरायचं. रोज. फौजेत सामानाची तपासणी असते ना, तशी. मलाही ते बरंच वाटलं. स्वच्छता कुणाला वाईट?

थंडी सुरू झाली आणि सुभेदाराच्या शेपटीच्या कडा झिजायला लागल्या. आधी पांढुरक्या, मग चिंध्या. तो तळाशी पडून राहू लागला. आबांना वाटलं, सफाई कमी पडतेय. ते दिवसातून दोनदा भांडं घासू लागले. एक दिवस मी लॅबमधून आले तर पाणी पिवळं.

"जखमेला हळद टाकली," आबा म्हणाले.

हळद, सफाई, दिवसातून दोनदा. हा मासा मेला तर आबा काय समजतील ते मला स्वच्छ दिसत होतं. आणि माझ्या जिभेचाही मला भरवसा नव्हता.

मी धावत माशांच्या दुकानात गेले, तीन बाटल्या आणल्या आणि तिन्हींतलं थोडं थोडं पाण्यात ओतलं. लॅबवाली ना मी! दुसऱ्या दिवशी मासा आणखी मलूल. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या की ताई, कशाला त्रास? आन् ह्योच जगवायचा असंल, तर तंबोऱ्याच्या गल्लीत दस्तगीरचाचांना दावा. गावातलं आजारी फायटर तिकडंच जात्यात."

मासा घेऊन तंबोऱ्याच्या दुकानात जायचं मला जरा विचित्रच वाटलं. पण मी आणि आबा गेलो. आढ्याला मोठाले सुके भोपळे टांगलेले, लाखेचा आणि स्पिरिटचा वास, भिंतीला टेकून अर्धवट तंबोरे, आणि फळीवर लोणच्याच्या पाच बरण्या. प्रत्येक बरणीत एकेक फायटर. एकमेकांना दिसू नयेत म्हणून मधे पुठ्ठे लावलेले. खाली पोत्यावर सत्तरीचे, बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे दस्तगीरचाचा.

मी आधी हेच विचारलं की तंबोऱ्याच्या दुकानात मासे कसे. ते म्हणाले, "आमच्या कामात कानाला काम असतंय, डोळं मोकळं. मोकळं डोळं लय भटकत्यात. म्हनून एक मासा ठिवला. मग त्यो आजारी पडला, तर शिकाय लागलं. मग लोकांचं यायला लागलं."

आबा भांडं छातीशी धरून सावधानमध्ये उभे. चाचांनी ते हळूच काढून घेतलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग मला म्हणाले, "काय काय घातलं ह्यात?"

मी यादी सांगितली. हळद, पिवळी बाटली, निळी बाटली, हिरवी बाटली.

"बास, बास. मासा हाय ताई त्यो, लोणचं न्हवं." मग त्यांनी विचारलं, "पानी कोन बदलतं?"

मी तोंड उघडलंच होतं. पण चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते आबांच्या हातांकडे बघत होते. पावडरीनं पांढरी पडलेली, फुटलेली बोटं. नखांच्या कडेला हळद. चाचा एकदम म्हणाले, "ताई, कोपऱ्यावर जाऊन तीन चा सांगून या. साखर कमी सांगा."

मी चहा सांगून आले तोवर प्रश्न निघून गेला होता. आबा चक्क पोत्यावर बसले होते आणि चाचा त्यांना भोपळा किती महिने वाळवावा लागतो ते सांगत होते. सुभेदार एका पसरट काचेच्या पातेल्यात होता. जेमतेम चार बोटं पाणी. "हा मासा वर यिऊन हवा घेतोय," चाचांनी मला समजावलं. "अशक्त मानसाला दोन जिनं चढाय लावतासा का? पानी उथळ ठिवायचं."

मग ते आबांकडे वळले. "हवालदार, तुमाला ड्युटी हाय."

आबांची पाठ आपोआप ताठ झाली.

"पहाऱ्याची ड्युटी. समोर बसायचं. त्यो काय करतोय ते बघायचं आन् वहीत लिवायचं. पहारेकऱ्यानं पोस्ट सोडायची न्हाई, आन् हात घालायचा न्हाई. पानी ताईंकडं. आदल्या दिवशी भरून ठिवलेलं, जरा कोमट, रोज एक तांब्या काढायचा, एक घालायचा. तुमी रोज चार वाजता वही घिऊन इकडं यायचं आन् मला वाचून दावायचं. माझा चष्मा मोडलाय."

"औषध?" मी विचारलं.

"आज पानी बदललं. आज एवढंच. त्याला काय वाटतंय ते आदी बघू दे की."

जाताना त्यांनी बदामाचं एक वाळकं पान दिलं. आपल्याकडे शाळेच्या आवारात मोठ्या पानांचं बदामाचं झाड असतं, त्याचं. त्याचा अर्क पाण्यात उतरला की जखम भरते; परवा टाका म्हणाले, उद्या नको.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर मी एकटीच त्यांच्याकडे गेले. वाटेतच भाषण तयार केलं होतं. म्हटलं, "चाचा, मासा आबांमुळे आजारी पडलाय. रोज सगळं पाणी बदलून, नळाचं क्लोरीनवालं गार पाणी घालून. तुम्हाला ते कळलंय. मग त्यांना स्पष्ट सांगा ना. मी सांगितलं तर…" आणि मग मी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यातलं माझं वाक्यही सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. नवऱ्यालाही मी ते असं उघड कधी बोलले नव्हते.

चाचांनी कानस एकदा फिरवली, खाली ठेवली, तार छेडली. आवाज संपेपर्यंत मी उभी. मग ते म्हणाले, "खरं बोललासा ताई. खोटं काय न्हाई त्यात. पर कवा बोललासा? चूक सांगाय कितीक येळ लागतोय? मासा आदी पवाय लागू दे. मासा पवाय लागल्यावर सांगितलं, की मानसाला ऐकाय येतंय. आता सांगितलं तर नुसतं लागंल."

मला ते पटलं असं नाही. उलट रागच आला. हा माणूस आबांना गोड बोलून फसवतोय असं वाटलं. पण मासा त्यांच्या हातात होता, म्हणून गप्प बसले.

आबांनी वही घातली. वही कसली, रोजनामाच तो. "०६०० तास. सुभेदार तळाशी. हालचाल नाही. ०६४० तास. हवा घेण्यासाठी वर. एकदा. ०७१५ तास. डावा पर हलवला. उजवा नाही." नाश्ता, जेवण तिथेच, खुर्चीवर. पान टाकल्यावर पाणी चहासारखं झालं आणि आबांचा जीव कासावीस झाला. ज्या माणसानं जन्मभर बूट चमकवले त्यानं गढूळ पाण्यासमोर हात बांधून बसायचं! एकदा मी बघितलं, तर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "ड्युटी हाय."

चार वाजले की ते वही घेऊन निघत. चाचा प्रत्येक ओळ वाचून घेत आणि मधे मधे विचारत. डावा पर किती हलला? वर आला तवा सरळ आला का तिरका? आबांना सांगावं लागे. जो माणूस घरात दिवसाला दहा शब्द बोलत नव्हता, तो त्या दुकानात तासभर बोलू लागला. पुढे पुष्कळ दिवसांनी मी एकदा अवेळी गेले तर चाचा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होते. चांगला धडधाकट चष्मा. मला बघून त्यांनी तो घाईघाईनं सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाले, "ह्यो दुसरा हाय."

पण त्याआधी एक वाईट आठवडा गेला. चाचांनी खडे मीठ चिमूटभर विरघळवून घालायला सांगितलं होतं, तेही रोज नाही. दोन दिवस उपास, मग खाण्याचा एकच दाणा. दुकानातून पाणी कोमट ठेवायचा छोटा हीटर आणला. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी सुभेदार कुशीवर कलला. आबांनी ताट सरकवून ठेवलं. मी चाचांकडे गेले, "काहीतरी करा." ते म्हणाले, "आज काय करायचं न्हाई. कालच्या पान्याचा आवाज अजून ऐकू आला न्हाई."

पाण्याला कसला आवाज! माझं डोकं फिरलं. घरी आले, आबा आंघोळीला गेले होते, तेवढ्यात कपाटातली निळी बाटली काढली आणि पाच-सहा थेंब पातेल्यात सोडले. काहीतरी केल्याचं मला बरं वाटलं.

दुसरा दिवस रविवार होता. चार वाजता मीही आबांबरोबर गेले. आबा खणखणीत आवाजात वाचू लागले. "०६१० तास. सुभेदार आडवा. कल्ले जोरात. ०६३० तास. पाणी हिरवट-निळे दिसते. कारण अज्ञात."

माझे कान तापले. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग आबांना म्हणाले, "हां. पान नवं असलं की कवा कवा असला रंग सुटतोय. ताई, आज तीन तांबं पानी बदला. आन् आता आठ दिस पान्यात पान्याबिगर काय घालू नका."

रस्ताभर मी मान खाली घालून चालले. त्यांनी मला उघडं पाडलं असतं, तर आबांपुढे माझी काय अवस्था झाली असती? आणि आदल्याच आठवड्यात मी त्यांना सांगत होते की आबांना उघडं पाडा. त्यांनी आम्हा दोघांना एकच न्याय लावला होता. फरक एवढाच, की आबा अडाणीपणानं चुकले होते आणि मी शहाणपणानं.

त्यानंतर मीही पहारेकरीण झाले. एक तांब्या काढायचा, एक तांब्या घालायचा, बाटली मागे, हात मागे. दोन दिवसांनी सुभेदार सरळ झाला. मग त्यानं दाणा खाल्ला. आबांनी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. झिजलेल्या शेपटीच्या कडेला दुधावरच्या पातळ सायीसारखी, आरपार दिसणारी नवी कड फुटली. चाचा म्हणाले, "नवी कड बिनरंगाची असती. रंग मागनं भरतोय. घाई करू नका त्याला."

आणखी पंधरा-वीस दिवसांनी मी लॅबमध्ये असताना आबांचा फोन आला. आबा आपणहून कधी फोन करत नाहीत. "नंदा, भांड्यात साबन ऱ्हायलाय. वर सगळा फेस आलाय. तू धुतलं व्हतंस का? मी हात लावला न्हाई. खरं सांगतो, मी हात लावला न्हाई गं."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी हातातली नळी सोबतच्या मुलीकडे दिली आणि निघाले. रिक्षा चाचांच्या दारात थांबवली, त्यांना तसंच, हाताला पॉलिश लागलेलं असताना, उचलून घरी आणलं. आमच्या घरी ते आले ते तेवढं एकदाच. आबा पातेल्यापासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पार उतरलेला.

चाचा वाकले, बघितलं आणि हसायलाच लागले. "अल्ला! हवालदार, साबन न्हवं ह्यो. सुभेदारानं घर बांधलंय!"

मग त्यांनी समजावलं. फायटर नर ठणठणीत झाला की तोंडानं बुडबुडे सोडून पाण्यावर घरटं बांधतो. मादी आली तर अंडी ठेवायला जागा असावी म्हणून. "मादी हाय का न्हाई त्याला कुठं ठावं? पर जीव बरा झाला की घर बांधावं वाटतंय." सुभेदार त्या फेसाखाली छाती काढून फिरत होता. आबा जवळ आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बघत राहिले. दोघं म्हातारे डोकं डोक्याला लावून एवढ्याशा फेसाकडे बघत होते. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि ह्या वेळी कुठे लपायला गेले नाही.

"ताई, चा टाका," चाचा म्हणाले. "आज साखर हुंदे."

मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं गप्प बसले होते. मला वाटलं, बोलणं संपलं असेल.

चाचांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. चपला घालता घालता ते म्हणाले, "ती निळी बाटली टाकून द्या आता. त्या दिवशी तुमीच घातलंतासा न्हवं? दोन-तीन दिस मासा मागं गेला त्यापायी."

"हो चाचा, मीच घातलं."

गंमत म्हणजे मला काही लागलं नाही. उलट हसू आलं. वर मासा घर बांधत होता, आणि माझी चूक मला अगदी स्वच्छ, दुसऱ्या कुणाची असावी तशी, ऐकू आली होती. त्यांचं ते "कवा बोललासा" मला तिथे जिन्यात कळलं. मी विचारलं, "आणि आबांना? त्यांना सांगणार की नाही?"

"ते माझं आन् हवालदारांचं," ते म्हणाले आणि कठडा धरून उतरून गेले.

सुभेदार त्यानंतर दीड वर्ष जगला. असे मासे तेवढेच जगतात, म्हातारा होऊन गेला. आबांचं चार वाजता दुकानात जाणं मात्र थांबलं नाही. वही संपली तरी ते जात. चाचांनी त्यांना भोपळ्याला पॉलिश पेपर मारायला बसवलं. ते काम आबांना फार मानवलं, कारण कितीही घासलं तरी बिघडत नव्हतं. चाचा मला सांगत, "तुमचे वडील मिलट्रीत फुकट गेले, ताई. चांगला कारागीर हातचा गेला." ईदला आबा तिथे शिरखुर्मा पीत आणि दिवाळीला इथून करंज्यांचा डबा जाई. इतर आजारी फायटर आले की पहाऱ्याची ड्युटी आबांकडेच असे. आलेल्या माणसाला आबा आधी विचारत, "काय काय घातलं ह्यात?" आणि मग चाचांसारखंच नुसतं बघत बसत.

मला कधी चाचांचे आभार मानायचं सुचलं नाही. माणूस समोर असताना मला नेहमी दुसरंच काही काम असतं. आता वाटतं, नुसतं जाऊन पायरीवर बसायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी चाचा गेले. चार दिवस ताप होता, छाती भरली, फार हाल झाले नाहीत. आबा डोक्याला रुमाल बांधून कब्रस्तानापर्यंत चालत गेले आणि सगळ्यांबरोबर तीन मुठी माती घातली. घरी आले, अंगणातल्या नळावर हातपाय धुतले आणि पायरीवरच बसले. मी पाणी दिलं आणि शेजारी बसले. लॅबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर आबा म्हणाले, "मला त्यानं सांगितलं व्हतं."

"काय आबा?"

"सुभेदारानं घर बांधलं त्या दिवशी. तू चा कराय गेलतीस तवा. म्हनाला, हवालदार, मासा तुमीच आजारी पाडला व्हता. रोज सगळं पानी बदलून. आन् हात आवरून रोज समोर बसून तुमीच बरा केला. दोन्ही तुमचंच हाय. निम्मंच उचलून घरात ठिवू नका."

दोन वर्षं मी समजत होते की चाचांनी ते झाकून ठेवलं. त्यांनी काहीच झाकलं नव्हतं. फक्त दुसरं निम्मं तयार होईपर्यंत ते थांबले होते. आणि माझ्याकडे तर दुसरं निम्मं पहिल्या दिवसापासून तयार होतं. व्हरांड्यात उभी असतानाही होतं. मीच ते बोलले नव्हते.

"आबा, दवाखान्यात मी तुम्हाला एक बोलले होते."

"व्हय," आबा म्हणाले. लगेच. त्यांना आठवायला लागलं नाही.

"ते निम्मंच होतं. आई मला फोनवर सगळं सांगायची. तुम्ही तिला रोज उचलून उन्हात बसवत होता. तिला दिसेनासं झालं तेव्हा भाकरी कुस्करून घास हातात देत होता. तिची वेणी घालत होता. बाहेर कुणाला कळू नये म्हणून दार लावून घालत होता, तेही तिनं मला सांगितलं होतं. मी विचारलं, तुम्ही काय करत होतात. हे करत होतात. मला माहीत होतं आबा, आणि मी ते बोलले नाही."

नळ नीट बंद झाला नव्हता, त्याची धार बारीक गळत होती. एरवी मी उठून तो बंद केला असता. त्या दिवशी बसून राहिले.

मग आबा म्हणाले, "तिला वेणी घट्ट लागायची. सैल झाली की म्हनायची, फौजेत ह्येच शिकलासा व्हय?"

आई गेल्यापासून तिच्याबद्दल ते बोललेले हे पहिले शब्द. मग ते बोलतच राहिले.